डोक्याला लागलेल्या माराची मोजदाद : ओहायोच्या एका प्रश्नावलीचे परीक्षण

अमेरिकेतील ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या जॉन कॉरिगन आणि जेनिफर बोग्नर यांनी विकसित केलेली 'टीबीआय आयडेंटिफिकेशन मेथड' (टीबीआय म्हणजे आघातामुळे मेंदूला होणारी इजा) हे यंत्र नव्हे, ॲप नव्हे आणि प्रयोगशाळेतील तपासणीही नव्हे. ती एक मुलाखत आहे आणि तिचे संक्षिप्त रूप एका कागदावर मावते. समोर बसलेल्या माणसाच्या मेंदूला आजवरच्या आयुष्यात अपघातात, पडण्यातून किंवा मारहाणीतून कधी इजा झाली होती का, झाली असल्यास किती वेळा, कोणत्या वयात आणि किती गंभीर, हे तीन ते पाच मिनिटांत समजून घेणे हे तिचे काम. तिची विश्वासार्हता तपासणारा पहिला शोधनिबंध २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर व्यसनमुक्ती केंद्रांपासून तुरुंगांपर्यंत आणि पुनर्वसन दवाखान्यांपासून राज्यव्यापी दूरध्वनी सर्वेक्षणांपर्यंत ती वापरली गेली आहे. प्रश्नावली मोफत मिळते आणि ती कशी विचारायची याचे ऑनलाइन प्रशिक्षणही मोफत आहे, त्यामुळे किमतीविषयी तक्रारीला जागा नाही. एखाद्या लोकसंख्येत मेंदूची इजा झालेली माणसे किती, हे ठरवण्यासाठी हा कागद कितपत भरवशाचा आहे, एवढाच प्रश्न मी या परीक्षणात घेतला आहे. एका रुग्णाच्या तपासणीसाठी तो उपयुक्त असणे आणि समाजाच्या मोजदादीसाठी तो उपयुक्त असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अशी वेगळी प्रश्नावली लागतेच कशाला, हे समजण्यासाठी रूढ मोजदाद कशी होते ते पाहावे लागेल. रूढ पद्धतीत दवाखान्याच्या दारात उभे राहून मोजले जाते. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रणाचे काम पाहणाऱ्या सरकारी संस्थेने २०१४ सालासाठी दिलेला आकडा सुमारे २८.७ लाखांचा आहे. तातडीच्या विभागातील भेटी, रुग्णालयात दाखल होण्याचे प्रसंग आणि मृत्यू यांची ती बेरीज आहे, म्हणजे त्यात घटना मोजल्या आहेत, माणसे नव्हेत. एकच मुलगा वर्षातून दोनदा सायकलवरून पडून दोनदा तातडीच्या विभागात गेला तर तो दोनदा मोजला जातो, आणि जो आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे गेला किंवा कपाळाला बर्फ लावून घरी झोपला तो एकदाही मोजला जात नाही. त्यात आजारांच्या संकेतांकांची भानगड असते. १ ऑक्टोबर २०१५ पासून अमेरिकेतील रुग्णालये नव्या संकेतांकांकडे वळली, आणि 'डोक्याची अनिर्दिष्ट इजा' असा जो ढोबळ संकेतांक घाईत असलेला डॉक्टर सहज टाकतो, तो मेंदूच्या इजेत धरायचा की नाही यावर तज्ज्ञांत बराच खल झाला. सीडीसीने पुढे तो वगळला. कोणाच्याही कवटीत काही बदल न होता आकडा खाली यावा, ही गोष्ट मोजदाद करणाऱ्याने कायम लक्षात ठेवावी अशी आहे.

याच्या अगदी उलट टोकाला न्यूझीलंडमधील 'बायोनिक' नावाचा अभ्यास आहे. हॅमिल्टन शहर आणि लगतच्या वायकाटो जिल्ह्यात मार्च २०१० ते फेब्रुवारी २०११ या वर्षभरात संशोधकांनी एकच दार न धरता रुग्णालये, स्थानिक डॉक्टर, अपघात-भरपाईच्या नोंदी, शाळा, क्रीडा संघटना अशी शक्य तितकी सगळी दारे ठोठावली. त्यांना दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला ७९० नव्या इजा सापडल्या. त्यांपैकी ७४९ सौम्य होत्या आणि मध्यम वा गंभीर केवळ ४१. गंभीर रुग्ण कोठेही गेले तरी नोंदीत सापडतातच, खरा गोंधळ सौम्य इजांचा आहे आणि संख्येने त्याच प्रचंड आहेत. जागतिक अंदाजांतील तफावतही मोठी आहे. जगभरातील आजारांचा भार मोजणाऱ्या 'ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज' या प्रकल्पाने २०१६ सालासाठी जगभरातील नव्या इजांचा अंदाज सुमारे २.७ कोटी दिला, तर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका वेगळ्या अंदाजात तो ६.९ कोटी आहे. एकाच विषयावरचे दोन गंभीर अभ्यास अडीच पटींनी वेगळे बोलत असतील, तर कोणता खरा यापेक्षा कोण काय आणि कोठे मोजत होता हे आधी विचारणे योग्य. पहिल्या प्रकल्पात तर मेंदूची इजा हे मृत्यूचे कारण म्हणून धरलेलेच नाही. दुचाकी घसरून डोके फुटून दगावलेला माणूस तेथे रस्ते अपघाताच्या खात्यात जमा होतो आणि इजा हा केवळ त्या अपघाताचा परिणाम ठरतो. हे ठाऊक नसलेला वाचक त्यांच्या संकेतस्थळावर मेंदूच्या इजेने झालेल्या मृत्यूंचा आकडा शोधत बसतो.

ओहायोची प्रश्नावली दवाखान्यात न जाता माणसाच्या आठवणीपाशी जाते. तिची सर्वांत मोठी जमेची बाजू विचारण्याच्या क्रमात आहे. 'तुमच्या मेंदूला कधी इजा झाली होती का?' असे ती विचारतच नाही, कारण या प्रश्नावर बहुतेक जण प्रामाणिकपणे नाही म्हणतील. झाडावरून पडून दोन मिनिटे निपचित पडलेला मुलगा पुढे चाळिशीत आपल्या मेंदूला इजा झाली होती असे समजत नाही, त्याच्या लेखी तो फक्त पडलेला असतो. म्हणून पहिल्या टप्प्यात केवळ प्रसंग विचारले जातात. डोक्याला किंवा मानेला लागल्यामुळे कधी रुग्णालयात वा तातडीच्या विभागात जावे लागले का, मोटार, मोटरसायकल, सायकल अशा वाहनाच्या अपघातात डोक्याला वा मानेला लागले का, पडून किंवा काही आदळून लागले का, भांडणात, कोणी मारल्यामुळे किंवा जोराने गदागदा हलवल्यामुळे लागले का, आणि जवळ स्फोट झाला होता का, असे ते पाच प्रश्न आहेत. मुलाखत घेणाऱ्याला सूचना अशी, की आधी हे सगळे प्रसंग नुसते टिपून घ्यावेत आणि यादी पूर्ण होईपर्यंत एकाच्याही तपशिलात शिरू नये. ही साधी वाटणारी शिस्त फार महत्त्वाची आहे. पहिल्याच अपघाताची सविस्तर हकीकत सुरू झाली की सांगणारा त्यातच गुंततो आणि बाकीचे प्रसंग बाजूला पडतात. शिवाय प्रत्येक 'होय' मागोमाग चार जादा प्रश्न येतात हे एकदा उमगले की माणूस पुढच्या प्रश्नांना 'नाही' म्हणू लागतो, हे सर्वेक्षणाचे काम केलेला कोणीही सांगेल.

दुसऱ्या टप्प्यात यादीतील प्रत्येक प्रसंगासाठी शुद्ध हरपली होती का, हरपली असल्यास अर्ध्या तासाहून कमी, अर्धा तास ते चोवीस तास, की त्याहून अधिक, आणि शुद्ध हरपली नसल्यास निदान भांबावल्यासारखे झाले होते का किंवा मधला काही काळ आठवत नाही असे झाले का, हे विचारून त्या वेळचे वय लिहिले जाते. अर्ध्या तासाची ही मर्यादा प्रश्नावलीच्या कर्त्यांनी मनाने ठरवलेली नाही. अमेरिकेतील पुनर्वसन वैद्यकाच्या संघटनेने १९९३ साली सौम्य इजेची जी व्याख्या केली तिच्यातही हीच मर्यादा आहे. तिसऱ्या टप्प्यात एकेका प्रसंगाऐवजी असे काळखंड विचारले जातात ज्यांत डोक्यावर वारंवार आघात होत राहिले, उदाहरणार्थ मारझोडीचे बालपण, धक्काबुक्कीचे खेळ किंवा सैन्यातील नोकरी. ही तरतूद मला विशेष आवडली. रोज मार खाणाऱ्या बाईला 'किती वेळा?' असे विचारणे निरर्थक आहे, कारण तिला तारखा सांगता येणार नाहीत, पण 'लग्नानंतरची पहिली सहा वर्षे' असे ती सांगू शकते. दवाखान्याच्या नोंदींतून हा प्रकार कधीच हाती लागत नाही.

या पद्धतीतून मिळालेले आकडे पाहू. २०१४ साली ओहायो राज्याने सीडीसीच्या साहाय्याने होणाऱ्या आपल्या वार्षिक दूरध्वनी आरोग्य सर्वेक्षणात या प्रश्नावलीची छोटी आवृत्ती घातली. राज्यातील २१.७ टक्के प्रौढांनी आयुष्यात निदान एकदा शुद्ध हरपण्याइतकी इजा झाल्याचे सांगितले. मध्यम वा गंभीर इजा सांगणारे २.६ टक्के होते आणि वयाच्या पंधरा वर्षांच्या आत शुद्ध हरपलेली इजा सांगणारे ९.१ टक्के. कोलोरॅडो राज्यात याच पद्धतीचा आधार घेऊन झालेल्या सर्वेक्षणात प्रमाण सुमारे ४२ टक्के निघाले. कोलोरॅडोत माणसे डोके अधिक आपटतात असा याचा अर्थ नाही. तेथे शुद्ध न हरपता नुसते भांबावल्याचे प्रसंगही धरले होते, ओहायोच्या आकड्यात ते नव्हते. अमेरिकेतील आणखी एका राष्ट्रीय सर्वेक्षणात २०११ ते २०१४ या काळात चाळीस वर्षांवरील लोकांना शुद्ध हरपलेल्या डोक्याच्या इजेबद्दल थोडक्यात विचारले गेले, तेव्हा उत्तर १५.७ टक्के आले. आणि निरनिराळ्या देशांतील पंधरा अभ्यास एकत्र करून २०१३ मध्ये काढलेली सरासरी सुमारे १२ टक्के होती. वयोगट, देश आणि नमुने वेगळे असल्याने हे आकडे एकाखाली एक मांडून वजाबाकी करणे चुकीचे ठरेल. तरीही थोडक्यात विचारले की उत्तर कमी येते आणि प्रसंगाप्रसंगाने आठवण करून दिली की वाढते, ही दिशा या क्षेत्रातील अनुभवाशी जुळणारी आहे.

प्रश्नावलीचे बलस्थान आणि धोका हे दोन्ही येथेच आहेत. शुद्ध हरपणे आणि भांबावणे हे दोन रकाने ती वेगळे ठेवते, म्हणून जो अभ्यासक दोन्ही आकडे वेगवेगळे छापतो त्याचे निष्कर्ष दुसऱ्याशी ताडून पाहता येतात. जो दोन्हींची बेरीज करून एकच ठसठशीत टक्केवारी वर्तमानपत्राला देतो, त्याने चांगल्या साधनाची माती केली असे म्हणावे लागेल. 'भांबावणे' हा रकाना तर विशेष जपून वापरावा लागतो. अपघातानंतर माणूस घाबरून, रक्त पाहून किंवा दारूच्या अमलामुळेही भांबावतो आणि त्याच्या मेंदूला काहीही झालेले नसते. मुलाखतीच्या मोठ्या आवृत्तीत अमली पदार्थांच्या अतिसेवनाने किंवा गळा आवळला गेल्याने शुद्ध हरपली होती का, असा वेगळा प्रश्न आहे. त्यामुळे निदान आघात आणि इतर कारणे यांची सरमिसळ टळते. छोट्या आवृत्तीत ही सोय राहत नाही, आणि जेथे व्यसनाचे प्रमाण मोठे आहे तेथे तो प्रश्न परत घालणे श्रेयस्कर ठरेल.

आता एका मूलभूत अडचणीकडे वळतो, आणि ती या प्रश्नावलीने सुटलेली नाही. ज्या घटनेची खूणच स्मृती आणि शुद्ध हरपणे ही आहे, तिची साक्ष आपण त्याच माणसाच्या स्मृतीकडून मागत आहोत. 'अर्धा तास बेशुद्ध होतो' हे माणूस स्वतःच्या अनुभवाने सांगत नाही, आईने, मित्राने किंवा दवाखान्याच्या कागदाने सांगितलेले तो पुन्हा सांगत असतो. रुग्णालयात नेल्यावर झोपेची औषधे दिली गेली किंवा शस्त्रक्रियेसाठी भूल दिली गेली, तर तो काळही पुष्कळदा बेशुद्धीत मोजला जातो आणि सौम्य इजा कागदावर गंभीर होते. वयाच्या तीन वर्षांच्या आत झालेल्या इजा घरात कोणी बोलले नसेल तर कायमच्या हरवतात. आयुष्यभराचे प्रमाण मोजत असताना वयाबरोबर ते वाढतच गेले पाहिजे, कारण एकदा झालेली इजा पुसली जात नाही. म्हणून या पद्धतीने केलेल्या कोणत्याही सर्वेक्षणात सत्तरीच्या लोकांचे प्रमाण तिशीच्या लोकांहून कमी आढळले, तर विसरणे, मृत्यू आणि पिढ्यांमधील फरक यांचा विचार केल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. अहवालात वयोगटांचा तक्ता आहे की नाही हे मी सर्वप्रथम पाहतो.

शिवाय या मुलाखतीला उत्तर देण्यासाठी माणूस जिवंत, बोलता आणि घरी असावा लागतो. इजेने मेलेले यात येत नाहीत, ज्यांची वाचा वा समज गेली ते येत नाहीत, आणि दूरध्वनीवर सर्वेक्षण केले तर तुरुंगात व संस्थांत राहणारेही सुटतात. ही शेवटची गळती किरकोळ नाही. निरनिराळ्या तुरुंगांतील अभ्यासांची २०१० साली एकत्र पाहणी झाली, तेव्हा कैद्यांमध्ये अशा इजेचे प्रमाण सुमारे ६० टक्के आढळले होते. समाजातील ज्या कोपऱ्यांत हा त्रास सर्वाधिक दाटलेला आहे तेच घरोघरच्या सर्वेक्षणातून निसटतात. प्रश्नावलीचा यात दोष नाही, कारण तिची विश्वासार्हता ओहायोतील कैद्यांवरही तपासली गेली आहे. दोष नमुना निवडणाऱ्याचा आहे, पण साधन सोपे आणि फुकट असले की नमुन्याकडे दुर्लक्ष होण्याचा मोह वाढतो.

कॉरिगन आणि बोग्नर यांनी स्वतःच दिलेला इशारा येथे सांगितला पाहिजे, कारण ही प्रश्नावली वापरणाऱ्यांपैकी फार थोडे जण तो वाचतात असे वाटते. त्यांच्या मते या पद्धतीची ग्राह्यता माणसाच्या आयुष्यातील सर्व इजांचा तंतोतंत हिशोब मिळण्यावर अवलंबून नाही. आजवरच्या आघातांचे परिणाम त्या माणसात शिल्लक असण्याची शक्यता किती, हे अजमावण्यासाठी ती आहे. म्हणूनच मुलाखतीच्या शेवटी गुणांची बेरीज होत नाही, तर काही खुणा पाहिल्या जातात : सर्वांत वाईट इजा मध्यम वा गंभीर होती का, पहिली इजा पंधरा वर्षांच्या आत शुद्ध हरपून झाली का, थोड्या अवधीत अनेक इजा झाल्या का, एखादी नुकतीच झाली आहे का. ज्याच्या बाबतीत यांतील काही आढळते त्याच्या विसराळूपणाकडे, चिडखोरपणाकडे किंवा व्यसनाकडे पाहण्याची समुपदेशकाची दृष्टी बदलावी, हा मूळ हेतू आहे. हे साधन माणसाला समजून घेण्यासाठी घडवले आणि लोकसंख्या मोजण्यासाठी नंतर जुंपले गेले. ते त्या जुवाखाली बऱ्यापैकी चालते. परंतु एखाद्या राज्यात अमुक टक्के लोकांच्या मेंदूला इजा झाली आहे, या वाक्यात 'असे लोकांनी सांगितले' हे तीन शब्द जोडणे हा केवळ शिष्टाचार नाही, आकड्याच्या अर्थाचा तो भाग आहे.

आपल्याकडे अशा साधनाची गरज किती आहे, हे उपलब्ध आकड्यांवरून दिसते. भारतात या विषयावरचे जुने आणि महत्त्वाचे काम बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य आणि मेंदूविकारांच्या राष्ट्रीय संस्थेत झाले. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या तेथील मांडणीनुसार बंगळुरूत दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला सुमारे १५० जणांना मेंदूची इजा होते आणि सुमारे २० जण दगावतात. न्यूझीलंडच्या ७९० शी हे ताडून पाहिले तर बंगळुरूची वाहतूक हॅमिल्टनहून पाचपट सुरक्षित असावी असा विनोदी निष्कर्ष निघेल. प्रत्यक्षात आपल्याकडे रुग्णालयापर्यंत पोचलेले तेवढे मोजले गेले, आणि तेथे सौम्य इजांसाठी संशोधक दारोदार गेले. त्याच मांडणीतून पुढे आलेला, भारतात दरवर्षी १५ ते २० लाख लोक जखमी होतात आणि १० लाख दगावतात हा आकडा आजही शोधनिबंधांच्या पहिल्या परिच्छेदात फिरत असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात सर्व प्रकारच्या अपघाती मृत्यूंची संख्या ४,३०,५०४ होती आणि रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या नोंदीत रस्त्यांवरील मृत्यू १,६८,४९१. पोलिसांपर्यंत न पोचलेले मृत्यू मोठ्या प्रमाणात धरले, तरी केवळ मेंदूच्या इजेचे १० लाख मृत्यू या हिशोबात बसवणे कठीण आहे. एकदा छापलेला आकडा पुढचा प्रत्येक जण उतरवून घेतो आणि मोजायला कोणी जात नाही, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

आपल्या रुग्णालयांतील नोंदींची अडचण निराळी आहे. अपघाताची केस आली की एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर नोंद, करावी लागते, पोलिसांचा जबाब आणि कोर्टाची शक्यता डोळ्यांसमोर येते, आणि मग घरचे लोक 'बाथरूममध्ये पाय घसरला' असे सांगून मोकळे होतात. केसपेपरवर कारण एक असते आणि खरे दुसरेच. ज्याच्या डोक्यातून रक्त येत नाही त्याला 'मुका मार आहे, होईल बरे' म्हणून हळद लावून झोपवले जाते आणि सीटी स्कॅनचा खर्च टाळला जातो. अशा परिस्थितीत आठवणीवर आधारलेली मुलाखत ही दवाखान्याच्या वहीपेक्षा अधिक माहिती देईल, याबद्दल मला शंका नाही.

मात्र मूळ प्रश्नावली जशीच्या तशी मराठीत उतरवून चालणार नाही. आठवण जागी करण्यासाठी तिच्यात दिलेली उदाहरणे बर्फावरून घसरणे, घोड्यावरून पडणे, चाकांच्या बुटांवरून पडणे अशी आहेत. नगर किंवा बीड जिल्ह्यातील शेतमजुराला ती वाचून दाखवली तर त्याला काहीच आठवणार नाही, आणि उदाहरणांनी आठवण जागी करणे हाच तर या पद्धतीचा प्राण आहे. आपल्याकडे कठडा नसलेली गच्ची, आंब्याचे वा नारळाचे झाड, विहिरीचा काठ, ट्रॅक्टरची ट्रॉली, बांधकामाची परांची, लोकलचे दार आणि दुचाकीवर मागे एका बाजूला पाय सोडून बसणे, अशी यादी करावी लागेल. स्फोटाचा प्रश्न सैनिकांपुरता ठेवण्याचे कारण नाही, विहीर खोदताना लावलेले सुरुंग आणि दगडखाणी त्यात याव्यात. वारंवार आघातांच्या तिसऱ्या टप्प्यात अमेरिकन फुटबॉलच्या जागी कुस्ती, कबड्डी आणि दहीहंडीचा सराव यावा. गोविंदा पथकात वरच्या थरावर चढणारा मुलगा गोकुळाष्टमीच्या आधीचे कित्येक दिवस रोज पडत असतो, आणि 'एकदा पडलात का?' या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नसते. वयाचा रकाना भरण्यासाठी 'तेव्हा कितवीत होता?' किंवा 'लग्नाच्या आधी की नंतर?' असे विचारणे अधिक फलदायी ठरेल, कारण पंधरा वर्षांची मर्यादा महत्त्वाची आहे आणि जन्मतारखेचा घोळ आपल्याकडे जुना आहे.

चौथ्या प्रश्नाबाबत, म्हणजे मारहाणीबाबत, माझा आग्रह अधिक आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १८ ते ४९ वर्षे वयाच्या विवाहित किंवा पूर्वी विवाह झालेल्या स्त्रियांपैकी २९.३ टक्क्यांनी पतीकडून कधी ना कधी हिंसा सोसल्याचे सांगितले. त्या सर्वेक्षणात हे प्रश्न घरातील एकाच स्त्रीला आणि पूर्ण एकांत मिळाला तरच विचारले जातात. ओहायोची छोटी प्रश्नावली तीन मिनिटांत होते हा तिचा गुण येथे दोष ठरतो, कारण ओसरीवर सासू आणि नवरा बसलेले असताना तिचे पाचही प्रश्न एका दमात विचारून होतात आणि चौथ्याचे उत्तर 'नाही' असे नोंदले जाते. एकांताची अट प्रश्नावलीच्या कागदावरच छापली पाहिजे आणि एकांत मिळाला नाही तर तो रकाना कोरा सोडण्याची मुभा मुलाखतकाराला असली पाहिजे. कोरा रकाना आणि 'नाही' यांतला फरक विश्लेषणात सांभाळता येतो, खोटे 'नाही' मात्र कशानेही सुधारता येत नाही.

इतर पर्यायांविषयी थोडक्यात. 'हेल्प्स' नावाची जुनी आणि त्याहूनही छोटी चाळणी आहे, ती समुपदेशन केंद्रात पहिली विचारपूस म्हणून ठीक आहे, पण तिच्यातून वय आणि तीव्रता यांचा पुरेसा तपशील निघत नसल्याने लोकसंख्येच्या मोजदादीसाठी मी ती सुचवणार नाही. बोस्टनमध्ये माजी सैनिकांसाठी तयार झालेली मुलाखत अधिक काटेकोर आहे, मात्र ती घ्यायला प्रशिक्षित चिकित्सक आणि बराच अधिक वेळ लागतो. आशा कार्यकर्तीला हातात देता येईल असे यांतील एकच साधन आहे आणि ते ओहायोचे आहे.

जिल्हा पातळीवर कोणी हे काम हाती घेणार असेल, तर छोटी आवृत्ती घ्यावी, गळा आवळण्याचा आणि अमली पदार्थांचा प्रश्न मोठ्या आवृत्तीतून आणावा, आणि शुद्ध हरपणे व भांबावणे यांचे आकडे शेवटच्या तक्त्यापर्यंत वेगळे ठेवावेत. मुलाखत खुद्द माणसाने दिली की घरच्यांनी त्याच्या वतीने, हे प्रत्येक ओळीपुढे नोंदवावे. मूळ कागदावर नसलेला एक रकाना मात्र मी अवश्य वाढवेन, तो म्हणजे त्या प्रसंगानंतर उपचार कोठे घेतले : कोठेच नाही, गावातील डॉक्टर, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, खासगी दवाखाना, की शहरातील मोठे रुग्णालय. मुलाखतीत याने फार तर अर्धा मिनिट वाढेल. ज्यांनी 'कोठेच नाही' असे सांगितले त्यांचे प्रमाण एकदा हाती आले, की त्याच जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलमधील नोंदींना कितीने गुणायचे याचा निदान ढोबळ अंदाज मिळेल आणि पुढची काही वर्षे पुन्हा घरोघर न जाताही त्या नोंदी वाचता येतील.